काईलीतलं हसू

मला चौकशा करायची खोड आहे. जत्रेत पाळण्यात बसायच्या आधी मी त्याचं इंजिन कुठं आहे ते बघून येते. घरचे म्हणतात, हिच्या ताटात भाजी वाढली की ही आधी ती कुठल्या मळ्यातली ते विचारणार. म्हणोत बापडे. पण एका चौकशीचं उत्तर मला पन्नाशी आली तरी मिळालं नव्हतं, आणि ती चौकशी माझ्या आईबद्दलची होती.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, कृष्णेच्या काठावरचं, उसाच्या पट्ट्यातलं. आमच्याकडं पूर आला की होडीची वाट बघत कुणी बसत नाही. पावसाळ्यात गुऱ्हाळं बंद असतात, तिथली काईल ओढून आणतात. काईल म्हणजे उसाचा रस आटवून गूळ करायची ती भली मोठी चपटी लोखंडी कढई. तिच्यात बायका, पोरं, म्हातारी माणसं बसवायची आणि पोहणाऱ्या गड्यांनी कड धरून ती ढकलत न्यायची. काईलीला पुढचं टोक नाही आणि सुकाणूही नाही, त्यामुळं ती पुढं जाते कमी आणि स्वतःभोवती फिरते जास्त. बसायचा नियम मात्र कडक आहे. तळाला बूड टेकायचं, हात मांडीवर ठेवायचे, कडेला धरायचं नाही. एकानं कड धरून उठायचं मनात आणलं की सगळे पाण्यात.

आई नवी नवरी होती तेव्हाच्या महापुरात ती अशाच काईलीतून घराबाहेर पडली. शेजारी तिची सासू, म्हणजे माझी आज्जी होती, आणि माझे वडील पोहत काईल ढकलत होते. मागं मातीचं घर बसलं, दावणीची म्हैस गेली. ही गोष्ट आज्जीनं आम्हाला शंभरदा सांगितली आणि प्रत्येक वेळी तिचा शेवट तोच असायचा.

"घर बुडत हुतं, आन् ही हसत हुती."

पाहुण्यांपुढं, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांपुढं, माझ्या लग्नाच्या बोलण्यांतसुद्धा आज्जीनं हे वाक्य ऐकवलं. आई पदर तोंडाला लावून आत जायची. तिला हसू आलं तरी आधी पदर वर जायचा, मग हसू यायचं, आणि तेही निम्मंच. नदीपलीकडच्या देवीला जाताना सगळे नावेतून जायचे, ही मात्र लांबच्या पुलावरून चालत जायची. महाबळेश्वरला आम्ही होडीत बसलो तर ही काठावर आमच्या चपला राखत बसली. मला वाटायचं, तिनं पाण्याची धास्ती घेतली असेल. आज्जीचं बोलणं मला खोटं वाटायचं, सुनेला टोचायला रचलेलं. पण रचलेलं असतं तर आई कधीतरी नाही म्हणाली असती. ती नाहीही म्हणायची नाही. मी विचारलं, आई, तू खरंच हसली होतीस का गं, की ती म्हणायची, तुला काय काम न्हाई व्हय. आज्जी गेली, तिच्या फोटोला चंदनाचा हार चढला, तरी आईचा पदर तोंडावरून उतरला नाही. मला त्या वाक्याचा फार राग यायचा. अजून येतो.

गेल्या उन्हाळ्यात आई माझ्याकडं कोरेगावला राहायला आली होती. माझ्या मुलीची परीक्षा नुकतीच संपली होती. तिनं हट्ट धरला म्हणून आम्ही तिघी शिरवळच्या बाजूला, हायवेपासून आत असलेल्या एका पार्कमध्ये गेलो. तिथं ओंडक्याच्या होडीची राइड आहे. उंचावर बांधलेला एक वळणावळणाचा पाट, त्यात वाहतं पाणी, आणि पाण्यावर झाडाच्या पोखरलेल्या खोडासारख्या दिसणाऱ्या होड्या. जवळ गेल्यावर मी टिचकी मारून बघितली, तर लाकूड कसलं, फायबर होतं. पण रंगवणाऱ्यानं काम मन लावून केलं होतं. साल रंगवली होती, गाठी रेखल्या होत्या, एका होडीला तर फांदी तोडल्याची खूणही होती.

मग माझं सुरू झालं. पाणी खालून वर कसं जातं? पंपानं. होडी चढावर कशी चढते? फिरत्या पट्ट्यावरून. चढताना ती कटकट कसली? शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या माणसानं सांगितलं की पट्टा मधेच थांबला तरी होडी मागं घसरू नये म्हणून खाली दाते बसवलेत, त्यांचा तो आवाज. रांगेतले लोक कंटाळले होते, पण तो माणूस काही कंटाळला नाही.

रांग लांब होती, मुलगी तिच्यात उभी राहिली. मी सावलीत मोबाइल काढून ह्या खेळाचं मूळ कुठं सापडतं का ते बघू लागले आणि आईला वाचून सांगू लागले. अमेरिकेतल्या डोंगरांत जंगलतोड चालायची, तिथं रस्ते नव्हते. मग लाकूडतोड्यांनी दोन फळ्या तिरक्या जोडून लांबच लांब पाट केले, त्यात झऱ्याचं पाणी सोडलं आणि तोडलेलं लाकूड त्यातून खाली गिरणीपर्यंत वाहत नेलं. पाट तळाशी निमुळता, कारण ओंडका अडकला की मागं पाणी तुंबून त्याला आपोआप उचलायचं. मला हे वाचून फार आनंद झाला, इतकी साधी युक्ती. आणि पुढं लिहिलं होतं की त्यातले काही गडी जिवावर उदार होऊन स्वतःच त्या पाटातून खाली यायचे. कधी कामासाठी, कधी नुसती मजा म्हणून. पुढं कुणाच्या तरी डोक्यात आलं की लाकूड राहू दे, माणसंच बसवू, आणि त्याचा खेळ झाला.

आई इतका वेळ रुमालानं मान पुसत होती. ती थांबली.

"आन् त्या गड्यांस्नी कुणी बोललं न्हाई? कामाच्या पाण्यात हसत आलं म्हणून?"

हे कुठं लिहिलेलं नव्हतं. मी म्हणाले, मुकादम बोलला असेल की. पण ते पुन्हा बसले असणार, नाहीतर हा खेळ इथपर्यंत आला नसता.

आई थोडा वेळ वरून खाली येणाऱ्या होड्या बघत राहिली. मग तिनं पिशवी माझ्या हातातून घेऊन सामान ठेवायच्या खणात ठेवली, निऱ्या वर खोचल्या आणि रांगेत मुलीच्या मागं जाऊन उभी राहिली. मुलगी माझ्याकडं बघायला लागली. मी तिला डोळ्यांनीच गप्प बसायला सांगितलं. मी एक शब्द बोलले असते तर आई मागं फिरली असती, आणि एवढं मला कळत होतं.

आमची पाळी आली. आईनं वाकून पाटातल्या पाण्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि कमरेचं नाणं काढून पाण्यात टाकलं. पुलावरून कृष्णा ओलांडताना आम्ही टाकतो तसंच. शिट्टीवाल्यानं कपाळाला हात लावला. तो म्हणाला, मावशी, ते पंपात जातं. आईनं त्याची माफी मागितली आणि मग पाण्याचीही. त्यानंतर ती होडीत उतरली ती बाकावर बसलीच नाही. थेट तळाच्या ओल्यात मांडी घालून बसली, हात मांडीवर. शिट्टी वाजली, पट्टा थांबला, रांगेतले लोक माना उंच करून बघू लागले. दांडा धरा, दांडा धरा, असं तो माणूस सांगत होता, आणि आई त्यालाच समजावत होती की कडेला हात लावला की उलटतं बाबा.

एवढी वर्षं झाली, तरी ती अजून त्या काईलीतच बसली होती. मी तिला दंडाला धरून बाकावर बसवलं, तिची बोटं दांड्यावर ठेवली आणि मागं बसले. पुढं मुलगी होती.

कटकट करत होडी वर चढली. वरून पलीकडचे डोंगर आणि हायवेवरचे ट्रक दिसले. क्षणभर सगळं थांबल्यासारखं झालं, आणि होडी खाली सुटली. मी ओरडले, मुलगी ओरडली, आणि आमच्या मधून एक तिसराच आवाज आला. मोठा, खळखळून आलेला, न आवरणारा. पाणी अंगावर उडालं, होडी सपाटीला लागली, तरी तो थांबेना. आईचं हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

नंतर आम्ही उन्हात बाकड्यावर अंगावरच्याच साड्या आणि ड्रेस वाळवत बसलो. ह्या वेळी मी काही विचारलं नाही. तीच बोलली.

"हसलेच हुते मी. आत्याबाई खोटं न्हवत्या सांगत." ओल्या पदराचं टोक ती पिळत होती. "काईल गरागरा फिरत हुती. मला माहेरी जत्रंत कुणी पाळण्यात बसू दिलं न्हवतं, पोरीच्या जातीनं बसायचं न्हाई म्हणून. तवा पैल्यांदा पोटात गोळा आला, आन् लय बरं वाटलं. म्हस गेली ते दिसत हुतं गं. रडू बी येत हुतं. पर हसू आधी आलं."

मी तिचा हात धरला.

बाहेर पडायच्या वाटेवर फोटोची खिडकी होती. उतारावर कॅमेरा असतो, तो आपोआप फोटो काढतो, हे मला माहीतच नव्हतं. मुलीनं डोळे मिटलेले, माझं तोंड वेडंवाकडं, आणि मध्ये आई. पदर खांद्यावरून मागं उडालेला, दोन्ही हात दांड्यावर, आणि तोंड एवढं उघडं की पडलेल्या दाढांची जागा दिसावी. मुलीनं तो फोटो चौकटीत घालून घेतला.

आईला गावी सोडायला मीच गेले. आता घर गावठाणाच्या वरच्या अंगाला आहे, पाणी तिथवर येत नाही. आत गेल्याबरोबर आईनं पिशवीतून फोटो काढला आणि भिंतीवरच्या आज्जीच्या फोटोखाली, कोनाड्यात उभा करून ठेवला. मी म्हणाले, इथं कशाला, पाहुणे बघतील. तिनं माझ्याकडं लक्षच दिलं नाही. हार सरळ केला आणि वर बघून म्हणाली,

"आत्याबाई, आता घर बुडत न्हाई. हसू द्या मला."