ओटीपी कोणालेच सांगाचा नाही

सर म्हणाले, "आबाजी, तुमचे किस्से लिहून द्या. नवीन पोरांले वाचाले देऊ." मी तिसरी शिकलेला माणूस. लिहिणं-वाचणं हे सरांचं काम, आणि ते माझ्या गळ्यात. वरून म्हणतात, शिव्या गाळा. शिव्या गाळल्यावर उरलं काय?

पण नाही म्हणता येत नाही. मोताळ्याच्या या अभ्यासिकेच्या दारात सात वर्षं खुर्ची टाकून बसलोय. ज्यांच्या घरी पुस्तक उघडायला कोपरा नाही, अशी पोरं इथं येतात. सर शाळा सुटल्यावर त्यांना फुकट शिकवतात, फॉर्म भरून देतात, कॉलेजात पोचेपर्यंत मागं लागतात. आणि पोरं चपला माझ्यापाशी काढून आत जातात, तशा आपल्या भानगडीही माझ्यापाशीच काढून ठेवतात. चपला निदान संध्याकाळी घेऊन जातात.

*

माझं काम दोन वस्तूंचं. कुलूप आणि पेटी. आत येताना मोबाइल पत्र्याच्या पेटीत टाकायचा, तो संध्याकाळी सहालाच परत. चावी माझ्या करदोट्याला. सरांनी मागितला तरी सहाच्या आत मोबाइल निघत नाही, हे सरांनीच ठरवलेलं.

एक पोरगं दुपारी रडकं तोंड करून आलं. "आबाजी, मोबाइल द्या. आई लय बिमार आहे."

"नंबर सांग. माह्या फोनवरून लावतो."

त्याचं तोंड उतरलं, पण नंबर सांगावा लागला. माय पहिल्याच घंटीला बोलली. "मी तं वावरात निंदून राह्यली. काऊन, कोण बिमार आहे?"

पोरगं आत जाऊन बसलं. त्या वर्षी पास झालं. माझं कोणी नाव घेतलं नाही.

*

वैशाली आली तेव्हा बारावीत होती. बाप नांदुऱ्याच्या जिनिंगमध्ये हमाल, माय मजुरीला. पहिल्याच दिवशी सगळ्या जागा भरलेल्या. ती सरळ माझ्या खुर्चीमागं, चपलांच्या बाजूला, पोतं टाकून बसली.

"इथं वास येते ना पोरी."

"येऊ द्या. उजेड चांगला आहे."

सहाला उठ म्हटलं तेव्हा उठली. तिला नर्स व्हायचं होतं. सरकारी कॉलेजात सीट लागली तरच, नाहीतर पुढच्या वर्षी मायसोबत वावरात, हे घरी ठरलेलं. फॉर्म भरताना मोबाइल नंबर मागितला. घरातला एकच फोन बापाकडे, तो अर्धा वेळ बंद. वैशालीनं मला न विचारता माझा नंबर टाकला. मग म्हणते, "तुमचा चालू राह्यते नेहमी."

आता मला फोन बंद ठेवायचीही सोय राहिली नाही.

*

एके दिवशी तिचा बाप आला. दारात नाही, खिडकीपाशी उभा. डोक्यावर कापसाचं फोलपट तसंच.

मी विचारलं, "उन्हात काऊन उभा?"

"पोरीले न्याले आलो. वेचणी चालू झाली. बाया भेटत नाही, मजुरी वाढली."

"मंग हाक मार."

त्यानं मारली नाही. आत ती वहीत खाली मान घालून काहीतरी लिहीत होती, मधूनच बोटं मोजत होती. त्याला दारात अडवायचा मला हक्क नव्हता, आणि सर गावाला गेलेले. बराच वेळ पाहून तो वळला.

"मी आलतो हे तिले सांगू नका. उठून येईन ती."

मी सांगितलं नाही. आता इथं वाचेल तर वाचेल.

*

त्याच दिवसांत शेजारच्या एकाचं बँकेचं खातं फोनवरून साफ झालं. सरांनी सगळ्यांना बसवलं, मलाही बसवलं. "फोनवर सहा आकडे येतात, त्याले ओटीपी म्हणतात. तो कोणालेच सांगाचा नाही. चोर ओळखीचं नाव सांगतात. रडून दाखवतात. घाई करतात. मी मागितला तरी सांगाचा नाही."

मी विचारलं, "नक्की? तुम्ही मागितला तरी?"

"मी मागितला तरी, आबाजी."

पोरं हसली. मी नाही हसलो. नियम म्हणजे नियम.

*

बारावीनंतर वैशालीची सीट लागली. बुलढाण्याला जाऊन कागद दाखवायचे आणि कॉम्प्युटरवर सीट पक्की करायची. पाच वाजेपर्यंत. नाहीतर सीट दुसऱ्याला. सर परीक्षेच्या ड्यूटीवर, त्यांचा फोन बंद. ती मायला घेऊन सकाळच्या गाडीनं गेली.

साडेतीनला अनोळखी नंबर. माणसाचा आवाज. "काका, ओटीपी आला असेल. लवकर सांगा."

कापला.

परत फोन. आता पोरगी, रडत. "आबाजी, मी वैशाली. बसस्टँडसमोरच्या नेट कॅफेत आहे. तुमच्या फोनवर आकडे आले, ते सांगा. टाइम नाही."

ओळखीचं नाव. रडणं. घाई. तिन्ही.

मी म्हटलं, "पहिल्या दिवशी तू कुठं बसलती?"

पलीकडून आवाज चढला. "काय लावलं हे? तिसरी शिकलेल्या अडाण्याचा नंबर देला, तेच माह्यं चुकलं!" आणि फोन बंद.

मी खुर्चीतून उठलो. चोर असं बोलत नाही. चोर गोड बोलतो. ही आपलीच पोरगी.

मी उलट फोन लावला. बिझी. परत बिझी. एव्हाना चार वाजत आले. करदोट्याची चावी सोडली, पुढच्या बाकावरच्या पोरीच्या हातात दिली. "सहाच्या आत पेटी उघडली तं पाहून घेईन." सात वर्षांत पहिल्यांदा चावी कमरेवरून निघाली.

बस लगेच मिळाली. बसमध्येही फोन लावत राहिलो, बिझीच. राजूर घाटात ट्रक आडवा, गाड्या उभ्या, फोनला रेंज नाही. मी उतरलो, रांगेच्या पुढं चालत गेलो आणि एका मोटरसायकलवाल्याच्या मागं विचारायच्या आधीच बसलो. तो म्हणाला, "कुठं जाता बुवा?" मी म्हटलं, "तू चाल."

कॅफेत पोचलो तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी. माय भिंतीला टेकून खाली बसलेली. वैशालीनं माझ्याकडे पाहिलं आणि कॅफेवाल्याला म्हणाली, "परत पाठवा." माझा फोन वाजला. मी तो तिच्या हातात ठेवला. घाईघाईत तिनं दोन वेळा चुकीचा नंबर टाकला.

"आता एकच चान्स आहे," कॅफेवाला म्हणाला.

मी फोन परत घेतला. चष्मा लावला. "आकडे तिसरीपर्यंत सगळे शिकवतात. मी वाचतो, तू टाक."

एकेक आकडा वाचला. तिनं एकेक टाकला. सहावा टाकून ती डोळे मिटून बसली. पडद्यावर हिरवं काहीतरी आलं. कॅफेवाला बोलला, "झाली पक्की." माय तोंडाला पदर लावून रडायला लागली.

परतीच्या बसमध्ये मायनं माझंही तिकीट काढलं.

दिवाळीत ती आली. पांढरा कोट दाखवला, चहा प्यायली, माझं ब्लडप्रेशर मोजलं, मीठ कमी करा म्हणाली. त्या फोनवरच्या बोलण्याचं नाव नाही.

म्हणून लिहून ठेवतो. माझी माफी मागायची राहिलेल्या माणसाचं नाव: वैशाली समाधान इंगळे, बी.एस्सी. नर्सिंग, पहिलं वर्ष, सरकारी कॉलेज.