बाबांच्या तेरवीचे रोडगे

"घ्या जी, लाजू नका. आपलंच घर हाय!"

पंगतीच्या टोकाला उभं राहून बाबा असं ओरडायचे, आणि ज्याचं घर असायचं तो यजमान दचकून त्यांच्याकडे पाहायचा. कारण घर बाबांचं नसायचं आणि लग्नही बाबांकडचं नसायचं. बाबा तिथं स्वयंपाकाला आलेले असायचे. पण पंगत बसली की हे सगळं ते विसरत. एका हातात भाजीची बादली, दुसऱ्या हातात पळी, खांद्यावर दुपट्टा, आणि नजर कोणाचं पान रिकामं झालं यावर. कोणी 'नको' म्हणून पानावर हात आडवा धरला, तर त्याच्या बोटांच्या फटीतून भाजी ओतण्यापर्यंत त्यांची मजल होती. तुम्ही मूर्तिजापूरच्या आसपासच्या गावांत पूर्वी कधी लग्नात जेवला असाल आणि तुमच्या मनगटावर गरम तर्री सांडली असेल, तर ते आमचे बाबा. त्यांच्या वतीनं मी माफी मागते.

आमचं गावालगत भाजीपाल्याचं वावर. वांगी, मेथी, मिरच्या, बांधावर झेंडू. भाजी विकणं हा घरचा धंदा आणि गावजेवणाचा स्वयंपाक करणं हा बाबांचा जीव. त्यातही रोडगे. ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. कणकेचे पदर एकात एक भरून मोठा गोळा करायचा, तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचा, राख झटकून फोडायचा, वर तुपाची धार, आणि सोबत हंड्यात शिजलेली वांग्याची भाजी. हे जेवण नवस फेडायचं, आनंदाचं. वावरात, झाडाखाली बसून खायचं. या गोवऱ्यांच्या ढिगाला आम्ही जगरा म्हणतो. भाजी बाबांची आणि जगरा गुलाबबुवांचा, अशी दोघांची वाटणी होती. गुलाबबुवा बाबांचे लहानपणचे मित्र. दोघं दिवसभर एकमेकांना शिव्या देत आणि संध्याकाळी एका बैलगाडीत भांडी घालून घरी येत.

एवढा मोठा आचारी, पण घरात चुलीजवळ जायची त्यांना परवानगी नव्हती. आई आजारी पडली तेव्हा त्यांनी एकदा वरण केलं होतं. ते आम्ही खाल्लं, गड्यांनी खाल्लं, शेजाऱ्यांनी नेलं, तरी दुसऱ्या दिवशी म्हशीच्या टोपल्यात पडलंच. "तुमच्या हाताले शंभर मानसाच्या खाली काई समजतच नाई," आई म्हणाली, आणि तापानं फणफणत असतानाच उठून तिनं चूल ताब्यात घेतली.

बाबा एकदा मेले होते, तेही सांगायला हवं.

उन्हाळ्यात ते वावरातच चक्कर येऊन पडले. दादानं, म्हणजे माझ्या भावानं, त्यांना जीपमध्ये घालून अकोल्याला दवाखान्यात नेलं आणि तिथून आत्याला तिवशाला फोन केला. आमच्या आत्याचा स्वभाव असा की, भलत्या वेळी फोन आला म्हणजे कोणीतरी गेलंच. तिनं पुढचं ऐकून घेतलंच नाही. आमच्याकडे माणूस गेला की बहिणीनं नवं कापड आणून त्याच्या अंगावर घालायचं असतं. तिनं वाटेत दुकान उघडायला लावून कापड घेतलं, जीपभर माणसं घेतली, आणि गावाच्या वेशीपासून रडत आली.

तोपर्यंत सलाईन लावून बाबांना घरी आणलं होतं. ते अंगणात बाजेवर बसून मुरमुरे खात होते. बहीण छाती पिटत येताना पाहून ते ताडकन उठले.

"कोन गेलं व?" असं विचारत ते बाजेखाली चप्पल शोधायला लागले. कोणी गेलं म्हणजे स्वयंपाकाला त्यांनाच जायचं होतं ना!

आत्या रडायची थांबली. तिनं हातातली पिशवी पाठीमागे लपवली, पण बाबांची नजर पंगतीतून तयार झालेली. त्यांनी पिशवी मागून घेतली, कापड बाहेर काढलं, दोन बोटांत चोळून पाहिलं.

"कापड त चांगलं आनलं बाई. आता काय करतं याचं?"

खरंच प्रश्न होता. असलं कापड परत घरी नेत नाहीत आणि दुकानदार घेत नाही. आई म्हणाली, नदीत सोडा. बाबांनी ऐकलं नाही. त्यांनी त्या कापडाला काठ शिवून घेतले आणि पुढं कितीतरी वर्षं रोडग्यांची कणीक झाकायला तेच वापरलं. लोकांनी नवसाचे रोडगे आमच्या बाबांच्या कफनाखालून काढून खाल्ले, हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

मग ती वर्षं आली. तुम्हाला ठाऊकच आहेत. कापूस घरात यायच्या आधीच हातचा जायचा, गावातली लग्नं पुढं पुढं ढकलली जायची आणि नवस बोलायलाही कोणी धजत नव्हतं. बाबांचा हंडा बाहेर पडायचा तो बहुतेक तेरवीला, म्हणजे तेराव्याच्या जेवणाला. त्याही म्हाताऱ्यांच्या तेरव्या असत्या तर बाबांना काही वाटलं नसतं. पण जाणारे चाळिशीच्या आतले होते, कर्जापायी जीव दिलेले. बाबांनी ज्यांच्या लग्नात बोटांच्या फटीतून भाजी ओतली होती, ते.

तेरवीला आग्रह करायचा नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. पानावर पडेल ते खाली मान घालून खायचं आणि उठायचं. त्यामुळे बाबांची बोलती बंद असायची. एक दिवस त्यांना गुलाबबुवांच्या घरी जावं लागलं. गुलाबबुवांचा एकुलता एक मुलगा गेला होता. त्या तेरवीला लोकांच्या घशाखाली घास उतरला नाही. भरलेला हंडा गाडीत घालून बाबा परत आले, गाडी सोडली, आणि हंड्याकडे पाठ करून ओसरीवर बसून राहिले. मी माहेरी आले होते. मी पाणी दिलं तर ते घेईनात.

शेवटी म्हणाले, "पोरी, जवान मानूस गेला का हंडा भरून वापस येते. म्हातारा गेला त लोकायनं जेवलं पाह्यजे. हासत जेवलं पाह्यजे, मांगून खाल्लं पाह्यजे. मंग समजावं का मानूस टायमावर गेला."

मग त्यांनी दादाला बोलावलं. "माह्या तेरवीले रोडगे करजो. आन माहा हंडा भरून वापस आला, त पाह्य."

"मेल्यावर काय करान तुमी?" दादा म्हणाला.

"भूत होऊन वाढाले येईन."

हे त्यांनी नंतर सगळ्या गावाला सांगितलं. दुकानात, पारावर, अमरावतीला माझ्या घरी आले की माझ्या शेजाऱ्यांनाही. माझ्या सासूबाईंना तर त्यांनी आगाऊ निमंत्रणच दिलं होतं. आम्ही हसायचो, पण त्यांना ही एकच गोष्ट हवी आहे हे आम्हाला कळत होतं. गुलाबबुवा मात्र मुलाच्या तेरवीपासून कुठल्याच पंगतीत बसले नाहीत. जगरा लावायला यायचे, रोडगे भाजून द्यायचे, हात धुवायचे आणि उपाशीच घरी जायचे. साऱ्या जगाला आग्रह करणारे बाबा त्यांना कधी 'जेवायला बस' म्हणाले नाहीत.

शेवटच्या वर्षी बाबा फार थकले. डॉक्टरांनी तेल-तिखट बंद केलं. बाबा डॉक्टरांना म्हणाले, "मंग जगून करू काय?" डॉक्टर तरुण होते, हसले, आणि बाबांनी लगेच त्यांनाही तेरवीचं सांगून ठेवलं. घरी आईचं राज्य. सकाळ-संध्याकाळ फिक्या भाज्या. बाबा ताटाकडे बघून एकदा आकाशाकडे बघायचे आणि जेवायचे.

त्या दिवशी सकाळी ते अंगणात बाजेवर पडले होते. आई शेजारी बसून भाजी चिरत होती.

"आज काय हाय व भाजीले?" त्यांनी विचारलं.

"दोडका," आई म्हणाली.

"मंग मी निजतो," बाबा म्हणाले, आणि कुशीवर वळले. ते पुन्हा उठले नाहीत.

आमचे बाबा दोडक्याला कंटाळून गेले, असं आम्ही आजही म्हणतो आणि हसतो. आई तेव्हा हसली नाही आणि रडलीही नाही. येणाऱ्या प्रत्येक बाईला ती एकच सांगत होती, "वांगे म्हनलं असतं त उठून बसले असते, बाई. खोटं म्हनाले काय जात होतं माह्यं?" तिचे डोळे कोरडे होते, आणि मला बाबांपेक्षा तिचीच काळजी वाटायला लागली होती.

आत्या पुन्हा कापड घेऊन आली. या वेळी तिनं खात्री करून घेतली होती. ते बाबांच्या अंगावर घालताना म्हणाली, "आता याचे काठ नको शिवू रे भाऊ," आणि हुंदके देता देताच फिसकन हसली.

पण तेरवीच्या बेतावरून मात्र तिनंच घर डोक्यावर घेतलं. "तेरवीले रोडगे? रोडगे काय दुखाचं जेवन हाय? लोकं थुंकतीन तोंडावर!" दोन-चार पाहुण्यांनी माना हलवल्या. दादाही डगमगला. अकोल्याहून आचारी आणू, बुंदी-पोळी करू, असं त्याचं सुरू झालं. मी बाबांची इच्छा सांगत होते, पण लेकीचं माहेरी किती चालतं हे तुम्ही जाणता.

तेवढ्यात कोपऱ्यातून आई म्हणाली, "म्या त्यायले दोडका दाखवून धाडलं. आता रोडगेच होतीन."

तेरवीच्या दिवशी वावरात जगरा लागला. गुलाबबुवा पहाटेच येऊन बसले होते. भाजी दादानं केली. त्यानं आयुष्यात कधी हंडा चढवला नव्हता. तो घामानं निथळत होता आणि मधून मधून, बाबा असते तर शिव्या घातल्या असत्या, अशा चेहऱ्यानं माझ्याकडे पाहत होता.

पहिली पंगत बसली. सारं गाव होतं. सगळ्यांना बाबांची इच्छा ठाऊक होती, पण तेरवीत मागायचं कसं? जन्माची सवय. लोक खाली मान घालून, आवाज न करता जेवू लागले. दादा बादली घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेला, परत आला. बादली तेवढीच भरलेली होती. कोणी वर पाहिलं नाही. दादाचा चेहरा उतरला. मला तो भरलेला हंडा दिसत होता आणि ओसरीवर पाठ करून बसलेले बाबा आठवत होते.

आणि मग जगऱ्याकडून गुलाबबुवा आले. कोपरापर्यंत राख. हात धुतले, धोतराला पुसले. आम्हाला वाटलं, आता नेहमीसारखे घराकडे निघतील. ते पंगतीच्या शेवटी गेले आणि मांडी घालून बसले.

सगळ्यांचे हात थांबले. दादानं त्यांच्या पानावर रोडगा ठेवला, तूप सोडलं, भाजी वाढली. गुलाबबुवांनी रोडगा कुस्करला, भाजीत कालवला, पहिला घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिले.

"अबे, मीठ कमी हाय!"

त्यांचा आवाज पार बांधापर्यंत गेला असेल. दादा जागच्या जागी थिजला.

"पायतं काय? बापाचं नाव डुबवतं काय बे? मीठ आन! आन भाजी बी आन पुन्हा, एवढीशीच काहून वाढली?"

कोणीतरी नाकातून हसलं. मग शेजारचा हसला, मग ते हसू पंगतभर गेलं. दादा मिठासाठी धावताना चपलेत पाय अडकून पडता पडता वाचला, तेव्हा तर बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या. मग कोणी तूप मागितलं, कोणी "इकडं तर्री आना जी" म्हणून ओरडलं, आणि बघता बघता ती आमच्या भागातली चांगली गजबजलेली पंगत झाली. आत्या दोन्ही हातांनी रोडगे वाढत होती. गुलाबबुवा मान वर न करता जेवत होते. पुन्हा मागत होते, पुन्हा जेवत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण भाजी तिखट होती, त्यामुळे कोणी त्यांना काही विचारलं नाही.

दुपार कलताना शेवटची पंगत उठली आणि घरच्यांची पानं मांडली. दादानं हंडा वाकडा केला, पळी आत घातली. पळी नुसती वाजली.

आई उठून आली. तिनं हंड्यात डोकावून पाहिलं. मग कोणाच्या तरी हातून मोडून पडलेला रोडग्याचा तुकडा उचलला, तळ पुसून घेतला, आणि तोंडात टाकला.

"खरंच कमी होतं व मीठ," ती हसून मला म्हणाली. आणि मग तिथंच मातीत बसून, रिकाम्या हंड्याला दोन्ही हातांनी धरून, आई मोठ्यानं रडायला लागली.