पालथा पिस्टन

चहा पिऊन उठताना वसंतानं माझ्या टेबलावरचा पिस्टन आज पुन्हा पालथा ठेवला. पिस्टनच्या माथ्यावर नखाएवढी चंद्रकोर उमटली आहे, व्हॉल्व्ह आपटल्याची.

माझ्या वडिलांच्या जुन्या मोटारसायकलचं इंजिन या शाळासोबत्यानंच खोलून पुन्हा बांधलं. पिस्टन आणि व्हॉल्व्हमध्ये पुरेशी जागा आहे का, हे मऊ मातीचा गोळा ठेवून, इंजिन हातानं फिरवून, तो किती चेपतो त्यावरून बघतात.

"बघितलंस ना?"

"म्हणजे काय!" तो म्हणाला होता.

पहिल्याच चढाला इंजिन गेलं. मी दिलेली मातीची पुडी नंतर त्याच्या खणात न फोडलेली दिसली. 'विसरलो' म्हणाला असता, तर मी हसून सोडून दिलं असतं. आता त्याचं प्रत्येक जुनं 'म्हणजे काय' आठवत बसतो.

तो गेल्यावर मी पिस्टन सुलटा केला. त्याच्यादेखत अजून जमलेलं नाही.