महालक्ष्म्या जेवू द्या, मग बघू

ह्यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, पाठ मला त्यांच्या चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीची होती. चाळीस वर्षं मी ती मागून पाहिली. जबलपुरात अधारतालच्या घरून ऑटोने घमापुरापर्यंत यायचं आणि तिथून बडा फुहाऱ्याच्या बाजारापर्यंत पायी जायचं, असा आमचा रविवारचा नेम. ऑटोतून उतरले की हे सुटायचे. हात मागे बांधलेले, चार पावलं पुढे, आणि मी पिशव्या सांभाळत मागे. "अहो, थांबा हो जरा! कोणी पाठलाग करून राहिलं का तुमचा?" असं मी हजारदा तरी ओरडले असेन. हे मागे न बघता म्हणायचे, "तू ये आरामात." आरामात म्हणे! बायकोला भर बाजारात टाकून पळायचं आणि वर आरामात यायला सांगायचं. त्या पाठीवर मी किती चिडले, त्याला सुमार नाही. आज ती चार पावलं कुणी परत दिली तर मी दुसरं काही मागणार नाही.

राज्यं नव्याने आखली गेली तेव्हा आमच्या मराठी माणसांतले बरेच जण नागपूरकडे परतले. माझे सासरे नोकरीपायी जबलपुरातच राहिले. पुढे पोरांच्या तोंडात मराठी अर्धीमुर्धी उरली, पण भाद्रपदातल्या महालक्ष्म्या आमच्या घरात पुरत्या सोळा भाज्यांच्या राहिल्या. आंबील, पुरण, वडे, कढी, देवींच्या वर टांगलेला करंज्या-पापड्यांचा फुलोरा, सगळं सासूबाईंनी घालून दिलं तसं. त्यातला एक नियम मी सगळ्यात कडक पाळायचे. देवींना नैवेद्य दाखवून सवाष्णी जेवल्याशिवाय घरातलं काही थांबायचं नाही आणि काही मोडायचं नाही. दुखणंखुपणं, भांडण, वाईट बातमी, सगळं दुपारनंतर.

त्या वर्षी हे सकाळी स्टुलावर चढून फुलोरा बांधत होते. नऊ वाजले होते, कारण नळाचं पाणी नुकतंच गेलं होतं. स्टुलावरून उतरून हे स्वयंपाकघराच्या दारात आले. म्हणाले, "अगं, छातीत जरा दडपल्यासारखं होऊन राहिलं."

माझे हात पुरणात होते. मी वळूनही पाहिलं नाही. म्हटलं, "रिकाम्या पोटाचा गॅस असेल. आज काही काढू नका बाई. महालक्ष्म्या जेवू द्या, मग बघू."

"अच्छा," म्हणाले आणि पूजेचा रेशमी कद नेसायला गेले.

पूजा झाली. पुरणाच्या दिव्यांची आरती ह्यांनीच केली. कपाळावरून घाम ओघळत होता. मला वाटलं, कदामुळे आणि दिव्यांमुळे असेल. पंगत बसली, हे वाढायला उभे राहिले. शेवटच्या पानावर कढी वाढली आणि भिंतीला टेकून खाली बसले. चेहरा राखेसारखा झाला होता. तेव्हा दोन वाजत आले होते. माझ्या दिरांनी ह्यांना तसंच, कदावरच, गाडीत घातलं. दवाखान्यात पोचेपर्यंत माझ्या नखांत पुरण होतं.

डॉक्टर तरुण होता, बोलायला मऊ. ईसीजीची पट्टी काढून पाहिली आणि विचारलं, "दर्द कब से है?"

हे म्हणाले, "एक बजे से."

मी तिथेच उभी होती. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. उभ्या आयुष्यात विद्यार्थ्याच्या उत्तरात अर्धा गुण खोटा न देणारा हा गणिताचा मास्तर चार तास गिळून मोकळा झाला. का, ते मला त्याच क्षणी कळलं. आणि मी गप्प राहिली.

हृदयाची बंद पडलेली नळी त्याच दुपारी उघडली. डॉक्टरने मला पडद्यावर आधीचं आणि नंतरचं दाखवलं. आधी काळी रेघ मध्येच संपत होती. नंतर फुग्याने वाट मोकळी करून आत जाळीची नळी बसवली, तेव्हा रेघ टोकापर्यंत गेली. "देखिए भाभीजी, खून अब पूरा जा रहा है." मी हात जोडले. मला वाटलं, सुटलो.

दोन दिवसांनी इको झाला. हृदय एका ठोक्याला किती रक्त बाहेर ढकलतं, त्याचा आकडा निघाला पस्तीस. दीर हसून म्हणाले, "चलो, पास तर झाले!" आमच्या घरात कुठलाही आकडा शंभरापैकीच धरायची सवय. डॉक्टरने समजावलं की इथे शंभर कुणालाच मिळत नाहीत, धडधाकट माणसाचे साठाच्या आसपास असतात, आणि पस्तीस म्हणजे चिंतेचं. मग मी विचारलं की नळी उघडली, रक्त चाललं, तरी हे असं काहून? तो म्हणाला, मोठी नळी उघडली तरी पुढे केसांएवढ्या नळ्या असतात, त्यांतून रक्त झिरपायला हवं. आणि जो स्नायू उपाशी राहिला, तो आता सुन्न पडलाय. काही जागा होईल, काही नाही होणार. "कितनी देर भूखा रहा, उस पर है. तीन महीने बाद फिर देखेंगे."

उपाशी! मी देवींना आणि सवाष्णींना सोळा भाज्या वाढत होती, आणि इकडे हे चाललं होतं.

ते तीन महिने मी मोजून काढले. गोळ्या डब्यात, मीठ माझ्या ताब्यात, पाणी मापाने. सकाळ-संध्याकाळ फिरणं, आधी अंगणात, मग गल्लीच्या तोंडापर्यंत, मग डेअरीपर्यंत. ह्यांना दम लागायचा, पण कबूल करतील तर शपथ. मध्येच थांबायचे आणि दुकानाची पाटी वाचायचे. अधारतालच्या रस्त्यावर आमची तीस वर्षं गेली, तिथल्या पाट्यांत नवं काय असणार? तरी हे ती किराण्याची पाटी अशी वाचायचे की जणू तिच्यावर उद्या परीक्षा आहे. मीही शेजारी उभी राहून वाचायची.

एकदा बोलता बोलता मी वळून पाहिलं तर शेजारी कुणी नाही. मी पुढे निघून आले होते. हे मागे, विजेच्या खांबाला हात लावून उभे. जन्मात पहिल्यांदा मी पुढे आणि हे मागे. ह्यांनी हसून हात हलवला, "तू चल आरामात." मला तिथेच रस्त्यावर रडू फुटलं. ती झपाट्याने दूर जाणारी पाठ मला हवी होती. मनात एकच धरून बसले होते, की ते चार-पाच तास देवाने माझ्या पदरात परत घालावेत. आकडा साठाजवळ गेला असता तर मी स्वतःला माफ केलं असतं.

तीन महिन्यांनी, थंडीत, पुन्हा इको झाला. आकडा बेचाळीस.

"सुधार है," डॉक्टर म्हणाला. मग कागद उलटून जरा थांबला. "अच्छा है. पर आप तो जल्दी आ गए थे. मैं थोड़ा और सोच रहा था."

हे खिडकीबाहेर बघू लागले. माझं तोंड आपोआप उघडलं.

"नौ बजे से था, डॉक्टर साहब. सुबह नौ बजे से. इन्होंने मुझे बताया था. मैंने कहा, पूजा हो जाने दो."

डॉक्टरने कागदावरचा एक खोडून तिथे नऊ लिहिला. मला काही बोलला नाही. खरं तर बोलला असता तर बरं झालं असतं. ह्यांना एवढंच म्हणाला, "तब तो बहुत मेहनत की है आपके दिल ने."

बाहेर आल्यावर हे चिडले. "काहून सांगितलं? एकाचे नऊ करून काय बदलून राहिलं?"

"माझं बदलून राहिलं," मी म्हटलं.

ह्यांनी रस्त्यावरच्या ऑटोला हात केला. मग म्हणाले, "तू नसतं म्हटलं ना, तरी मी पूजेवरून उठलो नसतो." ते खरं होतं की त्या 'एक बजे से'सारखंच माझ्यासाठी सांगितलेलं, ते मला आजही माहीत नाही. 

येताना ह्यांनी ऑटो घमापुरातच थांबवला. "चल, फुहाऱ्यापर्यंत जाऊन येऊ." मी नको म्हणायच्या आत उतरलेही. हे हळू चालू लागले. हळू चालण्यात मी नेहमीची तरबेज, पण त्या दिवशी मला माझ्याहूनही हळू चालावं लागलं. एकेक पाऊल मी रोखून धरलं, मध्ये चार पावलांचं अंतर पडेपर्यंत. ह्यांनी वळून पाहिलं. "काय झालं, पाय दुखून राहिले का? चल ना बरोबर."

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं. "मी येऊन राहिली मागून."

ह्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग हात मागे बांधले आणि चालू लागले. एका कापडाच्या दुकानासमोर थांबून पाटी वाचली, तेव्हा मीही मागे थांबले. एरवीचा पाऊण तासाचा तो फेरा आम्हाला दोन तास पुरला.

त्या बेचाळीसवर हे सहा वर्षं जगले. महालक्ष्म्या मी अजून मांडते. पण आता सकाळीच सगळ्यांना दम देते, की कुणाचं काही दुखत असेल तर आत्ता बोला, देवी थांबतात.

रविवारी मी एकटी जाते. ऑटो घमापुरात सोडते आणि पुढे पायी. मागच्या महिन्यात फुहाऱ्याजवळ गर्दी होती, पिशवी जड झाली होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, थांबा हो जरा!"

पुढे चाललेला एक अनोळखी माणूस थांबला. वळून म्हणाला, "जी, माताजी?"

"कुछ नहीं भैया," मी म्हटलं. "आप चलिए."