डाव्या हाताचा रस्ता

सत्तर सालच्या डिसेंबरात आमच्या घरातली एकही वस्तू जागेवर नव्हती. ट्रंका अर्धवट उघड्या, स्वेटर खाटेवर, चकल्यांचा डबा खिडकीत आणि जेवणाच्या टेबलावर ताटांच्या जागी नकाशा. ह्यांनी नगरच्या एका डॉक्टरांकडून जुनी फियाट घेतली होती आणि नाताळच्या सुट्टीत रामेश्वरापर्यंत जायचं ठरवलं होतं. जायचं तेवढं ठरलं होतं. कुठून जायचं, ते आठ दिवस झाले तरी ठरत नव्हतं.

रस्ते दोन. एक पुण्यावरून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी असा, तर दुसरा नगरवरून करमाळा, सोलापूर, विजापूर, होस्पेट असा. दोन्ही चित्रदुर्गाला एकत्र येतात आणि तिथून पुढे बंगळूर. ह्यांनी एक तांबड्या पेन्सिलीनं आखला होता, दुसरा निळ्या. रात्री तांबडा पसंत पडायचा आणि सकाळी दाढी करता करता निळा. हे इथल्या कृषी विद्यापीठात माती शिकवतात. वर्गात एका ढेकळावर तासभर बोलतील, पण घरात निर्णय म्हटला की पेन्सिलीला टोक करत बसायचे.

सासूबाईंचं म्हणणं साधं होतं. "मला घाटही नको आणि खड्डेही नकोत. माझी पाठ आहे ती, रबर नाही." दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडल्यापासून त्यांची पाठ दुखरी झाली होती. परतताना त्या बंगळूरला वन्संकडे संक्रांतीपर्यंत राहणार होत्या. तिथवरचा प्रवास तरी धड व्हावा, एवढीच त्यांची अट.

मंगळवारची सकाळ. बंबात पाणी तापत होतं, पोळीचा तवा चुलीवर होता, दूध वर येऊ पाहत होतं, आणि तेवढ्यात दाराची कडी वाजली. एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा. मी दूध उतरवेपर्यंत तिसऱ्यांदाही वाजली.

दारात गोजरबाई उभी. विद्यापीठाच्या शेतावर कांद्याच्या रोपांची लावणी करणारी ही बाई मला तोंडओळखीची होती. पन्नाशीची, काटक, हिरवं इरकली लुगडं विटून करडं झालेलं. हातात मेथीची जुडी होती, ती मला द्यायची आहे हे तिला आठवतच नव्हतं.

"बाई, दक्षिनंला निघालाय म्हनं तुमी? गाडी घेऊन?"

"हो. का गं?"

"कोनत्या रस्त्यानं?"

आतून ह्यांचा आवाज आला, "तेच तर ठरत नाहीये!"

ती चपला काढून सरळ आत आली आणि टेबलापाशी उभी राहिली. नकाशाकडे तिनं पाहिलंही नाही. "विजापुरावरनं जावा, साहेब. मी त्या रस्त्यानं आठ वर्सं गेल्ये."

हे हसले. मीही हसले असते. पण तिला सगळे 'टरकवाली गोजरबाई' म्हणतात, ते मला ठाऊक होतं. तसं का म्हणतात, ते मात्र त्या सकाळी कळलं.

तिचा नवरा बन्सी एका कांदा व्यापाऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. कांदा भरून विजापूर, होस्पेट, चित्रदुर्ग असा थोडा थोडा उतरवत जायचा आणि खाली नारळ भरून हुबळी-कोल्हापूरवरून परतायचा. म्हणजे जाण्याचा रस्ता एक आणि येण्याचा वेगळा. दुपारी भाकरी खाल्ली की त्याचे डोळे मिटायचे. एकदा करमाळ्याच्या पुढे ट्रक बाभळीत शिरला. त्या दिवशी त्यानं घरी येऊन सांगितलं, "गोजर, तू चल संगं. तू गप बसत न्हाईस, तेवढ्यानं मी जागा ऱ्हाईन."

"म्हणजे तुझं काम काय होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"बोलायचं."

"एवढंच?"

"एवढंच म्हंजी, आजी? सोलापूर ते होस्पेट बोलून बघा बरं."

सासूबाईंना हसू आलं. मी चहा टाकला. गोजरबाईला बस म्हटलं तर ती खुर्चीच्या कडेला टेकली आणि लगेच उठली. पुढे अर्ध्या तासात ती चारदा बसली आणि चारदा उठली.

ह्यांनी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. "बरं, सोलापूरनंतर काय?"

"टाकळी. मग भीमा. पूल वलांडला की डाव्या हाताला मारुती, त्याच्याम्होरं गोड पान्याचा आड. गाडीत पानी तिथंच भरायचं. पुढं विजापूरपत्तुर पानी खारं, इंजनात पांढरा थर बसतो."

ह्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि कागद ओढला.

"विजापूर सोडलं की डाव्या हाताला शेंगांची रानं. मग कोल्हार."

"कोल्हार तर आपलं इथं प्रवरेवर!"

"त्यांचंबी हाय एक. कृष्णेवर. डाव्या हाताला हाटेल हाय, म्हातारी चालवती, आपली भाकरी तिला जमती. मग हुनगुंद. मग इलकल, हे लुगडं तिथलंच." तिनं पदर चिमटीत धरून दाखवला. "इलकलला डाव्या हाताला मागांची आळी. मग होस्पेट."

"आणि उजव्या हाताला काय काय आहे?" ह्यांनी लिहिता लिहिता विचारलं.

"ते मला काय ठाव? ते त्यांचं."

"त्यांचं म्हणजे?"

"मी डाव्या हाताला बसायची न्हवं का, साहेब. मधी इंजन, पलीकडं ते. मी माझी बाजू बघून सांगायची, त्यांनी त्यांची सांगायची. 'तुझ्याकडं काय हाय, गोजर?' 'म्हशी.' 'माझ्याकडं लगीन चाललंय.' मी म्हनायची, खोटं! वाकून बघू लागले की वरडायचे, तुझी बाजू सोडू नको, तिकडं कोन बघनार? तशी वाटनीच हुती आमची."

बाकी सगळे हसत होते. मी मात्र तिच्या हातांकडे पाहत होते. इतका वेळ टेबलावर बोटानं रस्ता ओढणारा तिचा हात इलकलपाशी थांबला होता आणि एकदम उडी मारून होस्पेटला पोचला होता. त्यांच्यामध्ये नकाशावर कुष्टगी होतं, सहज पन्नास-साठ मैलांचा रस्ता होता. भीमेच्या पुलापासून एकेक आड सांगणारी बाई तिथं काहीच बोलली नाही.

मी विचारलं नाही. दिवसभर मात्र ते मनातून गेलं नाही.

ह्यांनी दुपारीच विजापूरच्या डाकबंगल्याला पत्र लिहिलं. निळी रेघ दोनदा गिरवली. आठ दिवसांनी घरात शांतता झाली. ती काही माझ्या वाट्याला आली नाही. ट्रंकेत कपडे ठेवावेत, पुन्हा काढावेत, असं माझं चाललं होतं. संध्याकाळी भाजी आणायच्या निमित्तानं मी नगर-मनमाड रस्त्यापर्यंत गेले, तर गोजरबाई वडाखाली उभी. शेतावरून परस्पर आली असावी, लुगड्याच्या काठाला चिखल तसाच होता. एक ट्रक हवा भरायला थांबला होता आणि ती ड्रायव्हरशी बोलत होती. मी लांबूनच परत फिरले.

वाटेत आमच्याकडे भांडी घासणारी मालनबाई भेटली. तिला विचारलं, तर म्हणाली, "रोजचंच हाय की तिचं. दिस मावळायला रस्त्यावर. म्हद्रासची गाडी आली का, हुबळीची आली का, रस्ता कसा हाय. एका जागी बूड टेकत न्हाई. सासू आक्काबाई हुती तवा तिला सोसत न्हवतं. आक्काबाई भर गल्लीत म्हनायची, पोर न्हाई, बाळ न्हाई, आन नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून मुलूख फिरतीया. हिनं काय म्हनावं? 'मांडीला मांडी कुठं, आत्याबाई, मधी इंजन हाय!'"

"आणि बन्सी?"

"तिकडंच गेला. तीन वर्सं झाली. त्या खेपेला ही बापाच्या वर्सश्राद्धाला शेवगावला गेल्ती."

एवढं सांगून मालनबाई तिच्या वाटेनं गेली. मी घरी येऊन भात केला, तो लागला.

बुधवारी सकाळी, साधारण त्याच वेळेला, पुन्हा कडी वाजली. ह्या वेळी एकदाच. दार उघडलं, तर गोजरबाई उंबऱ्याच्या बाहेर. आत ये म्हटलं तरी येईना.

"साहेबास्नी बोलवा. आजींनाबी."

दोघं आले. ती चौकटीला धरून उभी राहिली.

"काल मी खोटं न्हाई बोलले. पन एक सांगितलं न्हाई. इलकलपासनं कुष्टगीच्याही म्होरं रस्ता उकरलाय. वीस-पंचवीस मैल नुसती खडी. पावसाळ्यापासनं तसंच हाय. गाडीवाले सांगत्यात, रिकामा टरकसुदिक उडतोय. कालबी इचारलं एकाला, आजून तसंच हाय म्हनला. आजींची पाठ ऱ्हायची न्हाई. तुमी कोल्हापुरावरनं जावा. घाट हाय, पर रस्ता लोन्यावानी हाय."

ह्यांचा चेहरा उतरला. "अहो, मी डाकबंगल्याला पत्रसुद्धा टाकलं! काल का नाही सांगितलंत?"

सासूबाई कंबरेवर हात ठेवून पुढे आल्या. "म्हणजे माझी पाठ मोडायला निघाली होतीस की काय, गोजरे?"

"व्हय आजी," ती म्हणाली. "कालचा दिसभर तसंच म्हनायचं."

इतकं सरळ उत्तर आल्यावर सासूबाईंचा कंबरेवरचा हात खाली आला. त्याच म्हणाल्या, "मग आत तरी ये. दारात उभी राहून कसली कबुली देतेस?"

ती आत आली. ह्या वेळी बसली, आणि उठली नाही. मी विचारलं, "इलकलच्या पुढे काय आहे, गोजरबाई?"

तिनं हातातली घराची किल्ली कडोसरीला खोवली, पुन्हा काढली. "तिथं हायेत ते. भाकरी खायला गाडी थांबवली, रस्ता वलांडून विहिरीवर हात धुवाया गेले, आन तिथंच बसले. छातीत कळ आली म्हनं. संगतीच्या गाडीवाल्यांनी रानमालकाला इचारून तिथंच अग्नी दिला. मला तार पोचली चौथ्या दिशी. आस्थी आनून दिल्या त्यांनी, नाव ठिवायला जागा न्हाई. सगळं रीतीनं केलं. पर कुठल्या हाताला, म्हनून इचारलं, तर म्हनले, जाताना उजव्या."

बंबातलं पाणी खदखदत होतं आणि ते कोणाला तरी काढायला हवं होतं.

"आठ वर्सं त्या जागंवरनं गेले मी. धा-पंधरा दिसाला एक खेप. माझ्या बाजूला काय हाय, ते आत्ता सांगते: बोराटीची झुडपं, पांढरा दगड, बंद पडलेली खान. पलीकडचं कधी बघितलं न्हाई. येताना तो रस्ताच न्हवता आमचा. त्यांनी सांगितलं आसंल एखांद्या बारीला, मी ध्यानात ठिवलं न्हाई. मला वाटलं, तुमी त्या रस्त्यानं गेला तर कुनाची तरी नजर पडंल. म्हनून खडीचं बोलले न्हाई." तिनं सासूबाईंकडे पाहिलं. "रातभर तुमची पाठ दिसत हुती मला, आजी."

हे नकाशाशी गेले. खोडरबर घेतलं आणि निळी रेघ पुसू लागले. दोनदा गिरवलेली रेघ, पुसता पुसता कागद फाटायला आला. मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"पुसू नका. जाताना आपण कोल्हापूरवरून जाऊ."

"मग ही कशाला हवी?"

"येताना आई गाडीत नसतील. त्या बंगळूरला राहणार. तुमच्या-माझ्या पाठीला पंचवीस मैल खडी सोसेल. तुम्हाला गोल घुमटही बघायला मिळेल."

ह्यांनी तांबड्या रेघेला खाली जाणारा बाण काढला आणि निळीला वर येणारा. आठ दिवसांत पहिल्यांदाच दोन्ही पेन्सिली एकदम खाली ठेवल्या. "डाकबंगल्याला दुसरं पत्र टाकतो. तारीख बदलून."

"टायरांची हवा बघून घ्या पण," सासूबाई म्हणाल्या. "मी नसले म्हणून कसेही हाकू नका."

गोजरबाई टेबलापाशी आली होती. नकाशा तिला वाचता येत नव्हता, पण वर चढणारा तो बाण ती निरखून पाहत होती. पाहता पाहता तिनं आपला उजवा हात उचलला, मग डावा, आणि जागच्या जागी वळून माझ्याशेजारी, माझ्यासारखंच तोंड करून उभी राहिली.

"गाडी साहेब चालिवनार?"

"हो."

"आन तुमी शेजारी? डाव्या हाताला?"

"डाव्या हाताला."

"येताना, म्हंजी…" तिनं हवेतच रस्ता उलटा केला. "येताना ते तुमच्या बाजूला येतंय की, बाई."

मी मान हलवली. मी काहीतरी बोलणार होते: तिथे गाडी थांबवू, नारळ ठेवू, फुलं वाहू, हवी तर तुलाही पुढच्या वर्षी नेऊ. बहुधा तिला ते माझ्या तोंडावर दिसलं. तिनं हातानंच मला थांबवलं.

"नारळ नगं, फुलं नगं. गाडीबी थांबवू नका, खडीत थांबली तर रुतंल. कुष्टगी सोडून इलकलकडं निघाला की डाव्या हाताला एक विहीर लागंल. तिथं नीट बघा, आन तिथं काय काय हाय, ते मला येऊन सांगा."