साडीखालचा देश

बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते, किस्से मात्र साचत जातात. आमचे तालुक्यांचे वार्ताहर दर शनिवारी कोल्हापूरच्या ऑफिसात जमतात. हे किस्से तिथलेच, आणि बहुतेक आजऱ्याकडच्या तुकारामचे.

तुकारामची मुलगी परदेशात मेडिकलला, दोन महासत्तांच्या मधल्या एका चिमुकल्या देशात. 'आमचे मित्र आम्ही निवडू' एवढंच तो देश म्हणाला आणि शेजारच्या महासत्तेचे रणगाडे सीमेवर आले! आम्ही पहिल्या पानावर नकाशा छापला. दोन्ही महासत्ता ठळक, आणि मधल्या देशावर साड्यांच्या सेलची जाहिरात!

तुकाराम पेपर नाचवत आला. "सायेब, माझी पोरगी ह्या साडीखाली हाय!"

*

मलकापूरचा वार्ताहर म्हणाला, "बारक्या देशानं गप एका गटात जावं की! आता आमी कुठल्या गटात हाय का? पत्रकार कुणाचा नसतोय!"

हे बोलताना त्याच्या अंगात जिल्ह्यातल्या एका राजकीय गटाचं जर्किन होतं. छातीवर नेत्याचा फोटो!

*

मी अग्रलेख लिहिला : मित्र निवडायचा हक्क लहान देशालाही आहे.

संपादक म्हणाले, "जरा बॅलन्स करा. समोरच्यांच्याही भावना असतात."

"कुणाच्या? रणगाड्यांच्या?"

अग्रलेख उन्हाळी भाजीपाल्यावर गेला.

*

तिकडं विमानतळ बंद झाला. इकडं जिल्ह्याच्या दूध संघाची निवडणूक आली. तुकाराम गावच्या दूध संस्थेचा चेअरमन. संस्थेचं मत कुणी द्यायचं, याचा ठराव त्याच्या सहीनं जाणार.

सकाळी एका गटाचा माणूस घरी. "दिल्लीत आपला माणूस हाय. पोरीला आणतो. ठराव तेवढा आमच्याकडं."

दुपारी दुसऱ्या गटाचा. दिल्ली तीच, वाक्य तेच!

"पाठिंबा न्हाय दिला तर?" तुकारामनं विचारलं.

"मग तुमच्या दुधाला फॅट लागंल का, दर मिळंल का, सांगता येत न्हाय, पावणं."

*

गेल्या शनिवारी दोन्ही गटांच्या गाड्या ऑफिसखाली उभ्या होत्या. मतदानापर्यंत तुकारामला 'सहलीला' न्यायला! तेवढ्यात मुलीचा फोन आला. त्यानं स्पीकर लावला. दोन्ही गटांचं तिला सगळं सांगितलं.

तिनं ते तिकडच्या भाषेत शेजारी कुणाला तरी सांगितलं. मग म्हणाली, "बाबा, इथल्या घरमालकीण आजींना मी तुमचं सांगत असते. त्या विचारतायत, तुमच्या गावानं काय ठरवलं?"

फोनमधून हवाई हल्ल्याचा भोंगा ऐकू यायला लागला. खालून दोन्ही गाड्यांचे हॉर्न.

तुकाराम खिडकीशी गेला. "थांबा की रं! गावाची बैठक उद्या हाय!"

मग फोन तोंडाशी धरून हळूच म्हणाला, "आजीस्नी सांग, अजून ठरायचं हाय. आन् बाळा, दोघी आधी तळघरात जावा."