माळकरी सासूबाई आणि चोवीस तलंगा

दुष्काळाच्या वर्षी आमच्या ह्यांनी सरकारी कुक्कुट केंद्रातून पांढऱ्या जातीच्या चोवीस तलंगा आणल्या. तलंगा म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या. दोन पाट्यांत घालून, एसटीच्या टपावरून. सुप्याच्या अलीकडे फाट्यावर उतरून पाट्या डोक्यावर घेऊन घरी आले. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. त्या एवढंच म्हणाल्या, की पाळायच्या तर पाळा, पण माझ्या चुलीपाशी त्यातलं काही येता कामा नये.

गोठ्यामागे मातीच्या भिंतींचं, वर पत्रा टाकलेलं खुराडं तयार होतं. ह्यांनी त्यात कोंबड्यांना रात्री बसायला आडवी बाभळीची दांडी ठोकली आणि दुसऱ्या दिवसापासून पाझर तलावाच्या कामावर जायला लागले. तलंगा माझ्याकडे आल्या. माझं माहेर नगर शहरातलं. मी जन्मात कोंबडी हातात धरली नव्हती.

दिवस मावळला तरी एकही तलंग दांडीकडे बघेना. सगळ्या एका कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढून बसल्या. मला वाटलं, थंडीनं बिलगल्या असतील. सकाळी दार उघडलं, तर ढिगाखालच्या दोन गुदमरून मेलेल्या. मी तिथंच रडत बसले. सासूबाई गोठ्याच्या दारातून बघून गेल्या.

संध्याकाळी मात्र त्या पदर खोचून आल्या. आधी तो कोपरा त्यांनी दगडांनी भरून टाकला. दांडी लई उंच झालीय म्हणाल्या आणि माझ्याकडून गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधून घेतली. विळ्यानं तिच्या गाठी स्वतः तासल्या. मग एक तलंग दोन्ही हातांत अलगद उचलून दांडीवर टेकवली.

"पाय आवळू दे तिला," त्या म्हणाल्या. "तिनं दांडी धरली, मंगच हात काढ."

मी बघतच राहिले. माहेरी त्यांनी पन्नास-पन्नास गावरान कोंबड्या सांभाळल्या होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. या पिंजऱ्यातल्या वाणाला आई ठाऊक नाही, म्हणून दांडी ठाऊक नाही, असं त्यांचं म्हणणं. बावीस तलंगा आम्ही एकेक करून बसवल्या. दहावी बसवेपर्यंत पहिली खाली उडी टाकायची. सासूबाई तिला पुन्हा उचलायच्या. एकदाही त्यांचा आवाज चढला नाही. मी मात्र दोनदा चिडले.

चार दिवस त्यांनी तलंगांना बाहेर सोडू दिलं नाही. आधी घर ओळखू दे म्हणाल्या. पाचव्या दिवशी शेजारणीकडून एक म्हातारी गावरान कोंबडी मागून आणली आणि आत सोडली. अंधारून यायला लागलं तशी म्हातारी एका झेपेत दांडीवर गेली, पंख झटकून बसली. खालच्या तलंगा माना वाकड्या करून बघत राहिल्या. मग त्यातली एक धडपडत चढली. सासूबाईंनी माझं मनगट धरलं, मी हलू नये म्हणून.

दहा-बारा दिवसांत सगळ्या आपापल्या चढू लागल्या. एक तेवढी अधू पायाची होती. तिला सासूबाई महिनाभर रोज उचलून ठेवत, मग हातपाय धुऊन तुळशीपाशी दिवा लावत. न राहवून मी विचारलं, "आत्याबाई, माळेला हे चालतं?"

"अंडं मी खात न्हाई," त्या म्हणाल्या. "पाखरू निजवायला माळ कशाला आडवी यील?"

होळीच्या सुमाराला तलंगा अंड्यावर आल्या. सासूबाईंनी शेवटपर्यंत अंड्याला हात लावला नाही. त्या केंद्रातून गावात आणखी तीन घरांनी तलंगा आणल्या होत्या, आणि त्यांच्याही कोपऱ्यात मरत होत्या. त्या बायका आमच्या दारात आल्या, तेव्हा सासूबाई ज्वारी निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"हिला न्या. हिला येतंय सगळं."